गुलबक्षी चारला उघडते

गौरजाने चाळीस रोजां मागितली आणि त्या माणसाने चाळीस गुलाब मोजायला घेतले.

गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरचा शनिवार होता, सकाळी अकराची वेळ. पिंगुळीच्या रोपवाटिकेत ऊन पडलं होतं आणि त्या उन्हातच एक सर आली. गौरजा हिरव्या जाळीखाली सरकली. जाळीतून पाऊस गाळून पडत होता, एवढाच फरक. रोपवाटिकेचे मालक गणपत यांच्या घरचा गणपती अकरा दिवसांचा, त्यामुळे ते जागेवर नव्हते. होता तो विश्वेश. मिरजेचा, उद्यानविद्येचा पदवीधर, इथे नोकरीला लागून नऊ दिवस झालेला. केसांतून पाणी गळत असताना तो एकेक पिशवी उचलून खोक्यात ठेवत होता आणि चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती.

अठरा झाल्यावर तो थांबला.

"एक सांगू का? नका नेऊ. या हवेत पंधरा दिवसांत पानांवर काळे डाग पडतील."

"रोजांवर?"

"गुलाबांवर."

"गुलाब कोणी मागितले?"

"तुम्ही. रोज म्हणालात ना?"

गौरजाने खोक्यात पाहिलं, मग त्याच्याकडे. "रोजां म्हणजे झेंडू," ती म्हणाली. "आमच्याकडे झेंडूला रोजां म्हणतात."

मग अठराव्या पिशवीकडे बघत त्याने विचारलं, "आणि गुलाबाला?"

"गुलाब."

ती हसली. तो हसला नाही, पण कान लाल झाले. अठरा गुलाब परत जागेवर ठेवताना एक काटा त्याच्या अंगठ्यात गेला. त्याने तो काढला आणि काहीच झालं नसल्यासारखं विचारलं, झेंडू कुठे लावणार?

धामापूरला. घरापुढच्या खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या, कडेने. गडगा कसला? चिऱ्याचा. रंग दिलाय? नाही, चिरा तसाच. आणि झेंडू कुठला हवा, केशरी? हो, केशरी. त्याने मान हलवली. तांबड्या चिऱ्यापुढे केशरी झेंडू दिसणारच नाही, म्हणाला. फाटकातून येणाऱ्याला नुसता गडगा दिसेल.

गौरजा मालवणच्या तहसील कार्यालयात आवक-जावक बघते. तिथे येणारा प्रत्येक कागद ती दोनदा वाचते आणि चूक दाखवणाऱ्या माणसाबद्दल तिच्या मनात आदरही असतो, रागही. तिने मोबाइलमध्ये घराचा फोटो शोधून त्याच्यापुढे धरला. घराच्या भिंती पोपटी, मधे तुळशीवृंदावन, डाव्या कोपऱ्यात विहिरीपाशी ओलसर जागा. तो बराच वेळ बघत राहिला. फोटोवर पावसाचा थेंब पडला, तो त्याने बोटाने पुसला... तेवढ्याने पुढचा फोटो आला. त्यात गौरजा होती, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, कवंडळाची फळं बांधताना. त्याने मोबाइल लगेच परत दिला.

"जागा बघायला हवी," तो म्हणाला. "उद्या येतो."

---

रविवारी तो आला तेव्हा गौरजाचे वडील काशिनाथ पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. त्या छत्तीस वर्षांत सगळ्यात जास्त लाल शाई एकाच चुकीवर खर्च झाली. मुलं निबंधात लिहायची, 'माझी ताई शाळेत गेलं.' कारण घराघरांत तसंच बोलतात. मालवणीत लग्न न झालेली मुलगी 'ती' नसते, 'तां' असते. 'ती येते' नव्हे, 'तां येता'. तिचं लग्न झालं की मग ती 'ती' होते. सर वर्गात ही चूक खोडायचे आणि घरी येऊन बायकोला विचारायचे, "तां इलां काय?" घरात तेच बरोबर होतं.

विश्वेशला यातलं काही माहीत नव्हतं. माईने, म्हणजे गौरजाच्या आईने, त्याच्यापुढे कोकमाचं सरबत ठेवून "तां येता हा" असं सांगितलं, तेव्हा काहीतरी खायला येतंय असं समजून तो नको नको म्हणाला.

गौरजा टेप घेऊन बाहेर आली. फाटकापासून पडवीपर्यंत बावीस फूट. गडग्याची लांबी एकतीस. वृंदावन मध्यापासून दीड फूट उजवीकडे सरकलेलं. ते कोणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. विश्वेशने आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून सगळं उतरवलं आणि खिशातून रंगीत पेन्सिली काढल्या. काशिनाथ सरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. रंगीत पेन्सिली बाळगणारा मोठा माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"फुलं कधी हवीत?" विश्वेशने विचारलं.

"नवरात्राच्या तिसऱ्या माळेला."

"किती वाजता?"

गौरजाला वाटलं, थट्टा करतोय. पण तो पेन्सिल धरून वाट बघत होता.

"साडेचार. माणसं येणार आहेत."

"मग फाटकाच्या दोन्ही बाजूंना गुलबक्षी. ती चारला उघडते. साडेचारला पूर्ण उमललेली असेल."

त्याने फाटकापाशी गुलाबी ठिपके काढले. मग पुढचं सांगत गेला, आणि सांगताना त्याचा आवाज बदलत नव्हता, वाणसामानाची यादी वाचावी तसं. गडग्याला लागून पिवळा झेंडू, कारण तांबड्यावर पिवळा उठतो. त्याच्यापुढे जांभळी मखमल, पिवळ्याला जांभळ्याइतका उठाव कोणी देत नाही. केशरी झेंडू वृंदावनाच्या भोवती, तिथे मागे पोपटी भिंत आहे. मधे मधे लाल कोंबडा, पण थोडा, कारण तो मखमलीचा भाव खातो. विहिरीपाशी सोनटक्का आहेच, त्याला हात लावायचा नाही. पडवीच्या सावलीत अबोली.

"आणि तेरडा?" गौरजाने विचारलं. "तो आपोआप उगवतो. उपटायचा?"

"कशाला? न बोलावता आलाय, राहू दे. पाहुणे येईपर्यंत त्याची फुलं संपतील, पण तोवर तुम्हाला बघायला काहीतरी हवं की."

'तुम्हाला' या शब्दावर तो किंचित अडखळला. गौरजाने टेप गुंडाळायला घेतली.

"त्या दिवशी साडी कुठली नेसणार?" त्याने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"साडीचा आणि वाफ्याचा काय संबंध?"

"फोटो खळ्यातच काढतील ना. जांभळी नेसलात तर मखमलीत हरवाल."

"अजून ठरवलं नाही."

"मग आधी साडी ठरवा. मखमल नंतर लावू."

"रोपं लावून झाल्यावर साडी ठरवेन," गौरजा म्हणाली. "बाग माझ्यासाठी आहे, मी बागेसाठी नाही."

पडवीत वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. त्यामागे सर हसत होते.

---

पितृपक्ष लागण्याआधी लावणी झालीच पाहिजे, असं माईचं म्हणणं. त्यामुळे विश्वेश तीन संध्याकाळी आला, गौरजा कचेरीतून परतायच्या वेळी. पहिल्या दिवशी वाफे झाले. दुसऱ्या दिवशी झेंडू आणि मखमल. दोघं समोरासमोर बसून रोपं लावायची. ती खड्डा करायची, तो पिशवी फाडून रोप ठेवायचा, माती ती दाबायची. बोलणं बहुतेक रोपांबद्दलच. तो मालवणी शब्द विचारायचा आणि चुकीचे उच्चारायचा, ती दुरुस्त करायची. दोन रोपांत नऊ इंच अंतर ठेवायचं होतं. गौरजा पट्टी लावून मोजायची आणि तो सांगायचा की वीत पुरते, तिची वीत बरोबर नऊ इंच भरते.

"तुम्हाला काय माहीत?"

"परवा टेप धरलीत तेव्हा बघितली," तो म्हणाला, आणि पुढचं रोप घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्याने यादीत नसलेलं एक रोप आणलं. अनंताचं. कशासाठी विचारल्यावर म्हणाला, हे पाहुण्यांसाठी नाही. फुलायला वेळ घेईल. गौरजाच्या खोलीच्या खिडकीखाली जागा होती, तिथे त्याने ते स्वतः लावलं. खड्डाही स्वतःच केला. एक दिवसाआड येऊन बघून जाईन, या रोपाला सुरुवातीला जपावं लागतं, असं त्याने सांगितलं.

मग हात धुताना त्याने सहज विचारलं, "पाहुणे कोण आहेत? मुंबईचे?"

गौरजा खोटं बोलू शकली असती. मावशी, आत्या, कोणीही चाललं असतं. पण कागदावर एक आणि तोंडात दुसरं, हे तिला जमत नाही.

"ठाण्याचे," ती म्हणाली. "मला बघायला येणार आहेत."

विहिरीच्या कठड्यावर तांब्या होता. विश्वेशने तो सरळ होता तरी पुन्हा सरळ ठेवला.

"असं..." तो म्हणाला. आणि मग, "गुलबक्षी वेळेवर उघडेल. काळजी करू नका."

त्यानंतर तो आला नाही.

---

एक दिवसाआड म्हणून सांगितलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही, चौथ्या दिवशी नाही, सहाव्याही नाही. गौरजाने फोन केला नाही. काय सांगणार होती? रोपं उत्तम होती. पितृपक्षात पाऊस ओसरला, सकाळी दव पडायला लागलं, कातळावरचं गवत पिवळं पडत चाललं. झेंडूला कळ्या धरल्या, मखमलीची जांभळी बोंडं दिसायला लागली. तेरडा फुलून गळून गेला. फाटकाशी गुलबक्षी वाढली आणि रोज चारला उघडायला लागली. गौरजा साडेपाचला घरी पोचायची तेव्हा ती उघडलेलीच असायची. उघडताना तिने एकदाही पाहिली नव्हती.

तिने साडी ठरवली नाही. माईने कपाटातून तीन काढून पलंगावर ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. ठाण्याच्या मुलाचा फोटो आला होता. चांगला होता, नोकरी चांगली, माणसं चांगली. नाही म्हणावं असं एकही कारण कागदावर लिहिता येत नव्हतं. आणि जे लिहिता येत नव्हतं ते ज्याच्यामुळे होतं, तो पिंगुळीत बसून होता. त्याच्या मनात काही आहे हे त्याने कुठे सांगितलं होतं? रोप दिलं होतं फक्त. रोपवाटिकेतला माणूस रोपच देणार.

पहिल्या माळेच्या सकाळी तिने पेज नको म्हटलं. दुसऱ्या माळेलाही. सुट्टी टाकली होती. सकाळपासून ती खोलीत बसून होती आणि सरांनी दोनदा हाक मारल्यावर एकदा ओ देत होती. उद्या साडेचारला माणसं येणार होती. एकदा त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली की पुढचं आपोआप होत जातं, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

फोन माईने केला. ती काय बोलली ते नंतर दोन्ही बाजूंनी सांगितलं गेलं आणि शब्दाला शब्द जुळला, म्हणून इथे जसंच्या तसं देता येतं. नंबर सरांच्या वहीत होता. तिकडून विश्वेशने नाव सांगितलं आणि माई म्हणाली:

"तां सुकत चल्लां हा. मान टाकल्यान. दोन दिस धड पाणी पण घेऊक नाय. तुमी लावलास नि गेलास निघान. आता तेका कोण बघतलो?"

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

---

चारला दहा मिनिटं कमी असताना फाटकाशी मोटरसायकल थांबली. गौरजाने खिडकीतून पाहिलं. विश्वेश एका खांद्यावर निंबोळी पेंडीची गोणी आणि दुसऱ्या हातात फवारणीचा पंप घेऊन, पिवळ्या-जांभळ्या वाफ्यांकडे ढुंकूनही न बघता, तडक तिच्या खिडकीकडे येत होता. त्याला खिडकीत ती दिसली नाही. तो गुडघ्यांवर बसला, अनंताची पानं उलटीपालटी केली, खोडाशी माती उकरून मुळाचा वास घेतला. मग पुन्हा पानं बघितली.

अनंताला दोन नवे फुटवे होते आणि शेंड्याला एक कळी.

गौरजा बाहेर आली. अंगात घरातला जुना सलवार-कमीज, केस बांधलेले नाहीत.

"काय झालं?"

"तेच कळत नाही," तो म्हणाला. "हे तर ठणठणीत आहे. माईंचा फोन आला होता, सुकत चाललंय म्हणून."

"काय सुकत चाललंय?"

"रोप."

"माई रोप म्हणाली?"

त्याने आठवून पाहिलं. "रोप असं नाही... मान टाकली म्हणाल्या. पाणी घेत नाही म्हणाल्या."

"नक्की काय म्हणाली? शब्द सांगा."

हा आवक-जावकचा आवाज होता. विश्वेश सरळ उभा राहिला आणि वर्गात उभं केल्यासारखा, मोडक्या मालवणीत, एकेक शब्द सांगत गेला. तां सुकत चल्लां हा. मान टाकल्यान. दोन दिस धड... 'तुमी लावलास नि गेलास निघान'पर्यंत आला तेव्हा गौरजाने पडवीकडे पाहिलं. पडवीत कोणी नव्हतं. म्हणजे दोघंही दारामागे होते.

"यात चूक काय आहे?" त्याने विचारलं. "ते रोप. तां."

"आमच्याकडे..." गौरजा थांबली. तिने केस मागे घेतले, पुन्हा सुरुवात केली. "आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीला 'ती' म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला कळलं नाही, मग कळायला लागलं, आणि मग त्याचे कान त्या दिवशी गुलाबांपुढे झाले होते तसे लाल झाले. खांद्यावरची गोणी तो विसरलाच होता. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"म्हणजे सुकलेलं..."

"सुकलेलं वगैरे काही नाही. दोन दिवस पेज नको म्हटलं, एवढंच. माई वाढवून सांगते."

"आणि मी लावून गेलो ते?"

गौरजा अनंताच्या कळीकडे बघत म्हणाली, "ते वाढवून सांगितलेलं नाही."

फाटकाशी एक मधमाशी गुलबक्षीवर घिरट्या घालत होती. विश्वेशने घड्याळ पाहिलं, ही त्याची सवय. चार वाजून दोन मिनिटं. तिच्या दंडाला धरावं की न धरावं, अशा बेताने हात पुढे करून तो म्हणाला, "इकडे या. बघा." ती गेली. गुलबक्षीची मिटलेली नळी टोकाशी सैल झाली होती. दोघं फाटकाशी उभी राहून बघत राहिली. पाकळ्यांची घडी उलगडत गेली. त्याला बराच वेळ लागला, आणि घाई कोणालाच नव्हती.

"आला का नाहीत?" तिने विचारलं.

"दुसऱ्याने तुम्हाला पसंत करावं म्हणून मी बाग केली. रंग जुळवले. साडी विचारली. इतका मूर्खपणा केल्यावर बघायला कुठल्या तोंडाने येणार?"

"निदान पाणी घालायला यायचं."

"पाणी तुम्ही घालत होतात. फार व्यवस्थित. मला माहीत होतं."

"कसं?"

"वीत नऊ इंच भरते, तरी पट्टी लावणारी माणसं पाणी चुकवत नाहीत."

तिला हसू आलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग तिने ते आवरलं, कारण सांगायचं होतं ते नीट सांगायचं होतं.

"उद्या साडेचारला या," ती म्हणाली. "मिरजेहून आई-बाबांना घेऊन या. जमेल?"

विश्वेशने हिशेब केला. आत्ता फोन, पहाटेची गाडी, फोंडा घाट. "दुपारपर्यंत पोचतील," तो म्हणाला. "पण ठाण्याचे..."

"ते बाबा बघतील."

दारामागून खाकरल्याचा आवाज आला आणि सर मोबाइल शोधत पडवीत आले. ठाण्याला त्यांनी लगेच फोन केला. मुलीच्या मनात दुसरं आहे, उशिरा सांगतोय, चूक आमची, असं सरळ सांगितलं. पलीकडून थोडं ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग वर्तमानपत्र उघडून बसले. सकाळीच पूर्ण वाचून झालं होतं.

"साडी कुठली नेसू?" गौरजा खळ्यात विचारत होती.

"जांभळी नको."

"जांभळीच नेसणार."

"मग मखमलीत हरवाल."

"शोधा की," गौरजा म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या सुभद्राकाकी गडग्यापलीकडे येऊन उभ्या राहिल्या. मोटरसायकल त्यांनी पाहिली होती. गडग्यावरून वाकून त्यांनी माईला विचारलं, "तां खंय आसा गो?"

माई पदराला हात पुसत दारात आली. वाफ्यांकडे, गुलबक्षीकडे आणि फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांकडे तिने एकदा पाहिलं.

"ती खळ्यात आसा," माई म्हणाली.

पडवीत सरांनी मान वर केली. लग्न व्हायचं होतं, मुहूर्त निघायचा होता, मिरजेची माणसं अजून मिरजेतच होती. नियमाप्रमाणे 'तां'च बरोबर होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छत्तीस वर्षांत त्यांनी लिंगाची चूक कधी सोडली नव्हती. ही त्यांनी सोडली.